दहावी पुंगळी

“वैजा, ती शीळ बंद कर आधी.”

प्रेसच्या दांड्यावरचा हात तसाच ठेवून सुनेनं माझ्याकडं बघितलं. डाव्या हातात रायफलची रिकामी पुंगळी होती, ओठांपासून दोन बोटांवर.

“शीळ न्हाई मामा. फुंकून बघतीया. आत खडा-माती काय असलं तर...”

“आवाज येतोय न्हवं? मग ती शीळच. बाईमाणसानं शीळ घालू नये. बाहेर पोरं हसत्यात.”

“कोण हसतंय?”

“हसत्यात म्हणून सांगितलं न्हवं? एकदा सांगितलं की ऐकायचं!”

तिनं पुंगळी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि दुसरी पुंगळी न फुंकता प्रेसमध्ये बसवली. दांडा खाली आला, जुनी टोपी डब्यात टपकली. पुढं तासभर खोलीत फक्त तेवढाच आवाज होता. मला बरं वाटलं. घरात आपला शब्द चालतो याचं बरं वाटतं माणसाला, दुसरं काय.

पोरं हसतात हे मला संपतनं सांगितलं होतं. संपत माझा मुलगा, हिचा नवरा. मी स्वतः कुणालाही हसताना बघितलं नव्हतं. पण हे मला आता सुचतंय, बावीस वर्षांनी.

मी ज्ञानू लोहार. फौजेत चोवीस वर्षं बंदुका दुरुस्त करण्यात गेली, हवालदार होऊन पेन्शनीत आलो. गावाबाहेरच्या माळावर रायफल क्लब होता. त्यांना परवान्यानं काडतुसं भरून देणारा माणूस पाहिजे होता, तो मी झालो. क्लबाच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली, तिला सगळे ‘भरणीची खोली’ म्हणायचे. काडतूस उडालं की पितळेची पुंगळी मागं राहते. ती फेकायची नसते. धुवायची, वाळवायची, प्रेसमध्ये बसवायची. वरून साचा उतरतो, पुंगळीचं फुगलेलं तोंड जागेवर आणतो. साच्याच्या पोटात काडेपेटीतल्या काडीएवढी पोलादी पिन असते. ती पुंगळीच्या बुडातल्या बारीक भोकातून जाते आणि उडालेली टोपी, म्हणजे बुडात बसवलेली ठिणगीची बारकी वाटी, बाहेर ढकलते. मग नवी टोपी, दारू, गोळी. काम सोपं दिसतं. पण ती पिन म्हणजे नाकावर राग असलेली बाई. जरा आडवं काही लागलं की मोडली. आणि ती इथं मिळायची नाही. क्लबातल्या एका डॉक्टरांचे मेहुणे परदेशात होते, ते येताना घेऊन यायचे. वर्षातून एकदा.

अकरा वर्षांत माझ्या हातून दोन पिना मोडल्या होत्या. दोन! हे मी दर माणसाला सांगायचो. ऐकून लोकांचे कान किटले होते.

वैजयंता दुपारी माझा डबा घेऊन यायची. मी जेवेपर्यंत दाराशी बसून बघायची. एकदा जेवणानंतर मला जरा डुलकी लागली, जागा झालो तर बाईनं चाळीस पुंगळ्या काढून ओळीनं लावलेल्या. एकीवर ओरखडा नाही. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. संपत दांडा खांद्यातून ओढायचा, घणच मारायचा जणू. ही दोन बोटांनी ओढायची. जरा काही अडलं की तिची बोटं आपोआप थांबायची. हे शिकवून येत नाही. मी चोवीस वर्षांत फौजेतल्या दोन-तीन पोरांत बघितलं असेल.

फुंकायची सवय तिची तिनंच लावून घेतली होती. बाटलीच्या तोंडावर फुंकतात तसं फुंकायची. रिकामी पुंगळी एका सुरात वाजते, आत काही असलं तर सूर वर चढतो. एकदा तिनं असाच आतला खडा काढून दाखवला. मी ‘हां हां, बरं बरं’ म्हणालो. मोठेपणा द्यायला जीव जातो ना आमचा!

त्या वर्षी मी साठीला आलो. क्लबाचे सेक्रेटरी हेर्लेकर वकील सगळ्यांसमोर म्हणाले, “ज्ञानोबा, दिवाळीनंतर तुम्ही घरी बसणार. मागं कोण? लेक का सून?”

मी बोलून गेलो, “खरं सांगू का साहेब? हात सुनेचा हाय.”

सगळे हसले. संपत तिथंच निशाणाचे पुठ्ठे उचलत होता. तो हसला नाही. वकीलसाहेब मात्र हसण्यावारी नेणाऱ्यातले नव्हते. म्हणाले, “मग पुढच्या शुक्रवारी कमिटी आहे. स्पर्धेची हजार पुंगळी तिच्या हातून काढून घ्या. नीट झालं तर तिच्या नावानं नेमणुकीचं पत्र देतो.”

घरी जाताना वैजा माझ्या मागून चालत होती. मधेच म्हणाली, “मामा, पत्रावर माझं नाव छापील असंल व्हय?”

“टाइप केलेलं असंल.”

“नुसतं वैजयंता का पुरं?”

“पुरं असतंय. का गं?”

“काय न्हाई. माझं नाव कुठं लिवलेलं मी बघितलंच न्हाई. शाळंतनं काढलं तवा दाखलाबी घेतला न्हवता.”

त्या रात्री संपत जेवला नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “कानामागून आली अन् तिखट झाली.” मी ऐकलं न ऐकलं केलं.

आणि सोमवारी सकाळी ती शिळेची भानगड झाली.

पुंगळ्या धुऊन, वाळवून डब्यात भरून आणायचं काम संपतचं. प्रेस वैजाकडं. मी दारूचा तराजू सांभाळत खिडकीशी. शीळ बंद केल्यावर तासाभरानं आवाज आला, टिक्. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन.

“मोडली?”

“मोडली मामा.” तिचं तोंड पांढरं पडलं होतं. “जोर न्हाई लावला हो. अडल्यासारखं वाटलं, म्हणून थांबतच होते...”

मी उठून तिच्या हातापाशी गेलो. इथंच चुकलं. आधी पुंगळी बघायची सोडून मी तिचा हात बघितला. कोपर कुठं आहे, मनगट वाकडं आहे का. तोवर संपतनं पुढं होऊन पुंगळी प्रेसमधून काढली, डोळ्याला लावली, म्हणाला, “काय न्हाई, मोकळी हाय,” आणि भंगाराच्या पिंपात टाकून दिली. पिंपात अशा तीन-चारशे पुंगळ्या. गेली ती गेलीच.

“होतं एखाद्या वेळी,” मी म्हणालो आणि काडेपेटीतून नवी पिन काढली. मोडलेली धरून पाच होत्या, चार राहिल्या.

मंगळवारी दुसरी मोडली. तीच तऱ्हा. संपत पुंगळी उचलायला तयारच. या खेपेला तो बायकोकडं बघून हसलासुद्धा, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

वैजा पिनेचा मोडका तुकडा वेचत होती. मी बोललो. पंधरा मिनिटं बोललो. पिना काय झाडाला लागतात का, परदेशातून येतात, वर्ष लागतं, पुढच्या रविवारी पोरं स्पर्धेला जाणार, काडतुसं नसली तर काय काठ्या घेऊन जाणार का! तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “मामा, फुंकून घेऊ का? बाहेर कुणी न्हाई आता.”

“गप. चूक लपवायला निमित्त नको.”

पण हवालदाराचं डोकं गप्प बसत नाही. त्या दिवशी सगळा साचा खोलला. पिन साच्याच्या खाली जास्त लोंबली की बुडावर आपटते. मापानं बघितलं, बरोबर होती. वरची चाकी सैल असली तर पिन तिरकी जाते. चाकी घट्ट होती. पुंगळी बसते ती खाच झिजली असली तर पुंगळी कलंडते. खाच साफ. काही परदेशी फौजी पुंगळ्यांना बुडात मधे एक भोक नसतं, कडेला दोन असतात, त्यात पिन घातली की मोडलीच म्हणून समजा. तसली एखादी मिसळली असेल म्हणून डब्यातल्या पन्नास-साठ उजेडात धरून आत डोकावलो. आत काजळी, नीट दिसत नाही, पण जेवढं दिसलं तेवढं ठीक होतं. मोतीबिंदू तेव्हाच धरायला लागला असावा. कबूल कोण करणार?

बुधवारी सकाळी तिसरी.

या वेळी मी ओरडलो नाही. मला भीती वाटली. दोन पिना राहिल्या होत्या आणि साडेपाचशे पुंगळ्या. मी वैजाला म्हणालो, “ऊठ.” ती उठली. “आता डबा उचल आणि मागच्या पडवीत नेऊन ठेव. हात लावू नको कशाला.” डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून ती बाहेर गेली. डोळ्यांत पाणी होतं. पण चालताना पाठ ताठ होती.

परदेशी पिना वाचवायच्या म्हणून मी स्वतः पिन करायला घेतली. शेवटी लोहाराची जात. मोडकी छत्री घेतली, तिची काडी कापली, शेगडीत लाल केली, कानशीनं जाडी उतरवली, तेलात बुडवून पाणी दिलं. एवढं की कडकही नको आणि मऊही नको. दुपार त्यातच गेली. संपत बाजारात गेला होता. वैजा पडवीत काय करत होती ते मी बघितलं नाही.

गुरुवारी सकाळी मी स्वतः प्रेसवर बसलो. वैजानं पडवीतून डबा आणून माझ्या उजव्या हाताशी ठेवला. “मामा, वरचीपासून घ्या,” म्हणाली आणि अंगण झाडायला बाहेर गेली. मी वरची पहिली पुंगळी उचलली, बसवली, दांडा ओढला.

अडलं. मी थांबलो नाही. अकरा वर्षांचा हात ना माझा! अजून दाबलं.

छत्रीची काडी मोडली नाही. पोलाद मऊ पडलं होतं म्हणून ती वाकली, आणि वाकून आतच अडकली. साचा वर न्यायला गेलो तर पुंगळी साच्याबरोबर वर आली. या खेपेला ती उचलून फेकायला संपत खोलीत नव्हता.

साचा खोलून पुंगळी पक्कडीत धरली आणि करवतीनं उभी चिरली.

आत दुसरी पुंगळी होती. पोरंसोरं पन्नास मीटरवर उडवतात ती बारकी, टू-टू ची, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. मोठीच्या तोंडातून आत गेलेली, बुडाशी बसलेली. माझी काडी तिच्या पोटात जाऊन बुडावर वाकली होती. असं चुकून होऊ शकतं. जमिनीवरचं सगळं एकत्र झाडून भरलं की बारकी मोठीत शिरते. फौजेत मी हे बघितलं होतं. पण अशी शिरलेली पुंगळी खुळखुळते, उलटी केली की पडते. ही पडत नव्हती. तिच्या भोवती काहीतरी ओतून घट्ट केलं होतं, वरून काजळी धरली होती.

मी नखानं खरवडलं. गुलाबट भुगा निघाला. वास घेतला. राळ.

विळ्याच्या, खुरप्याच्या मुठी बसवायला लोहार राळ ओततात. प्रत्येक घराची आपली रीत. आमच्यात राळेत विटेची पूड आणि चिमूटभर चुना घालतात. माझ्या बापाची रीत. त्यानं मला शिकवली, मी संपतला शिकवली. तिसऱ्या कुणाला नाही.

बाहेरचा झाडूचा आवाज केव्हाच थांबला होता. मी दोन अर्ध्या पुंगळ्या फडक्यात गुंडाळल्या आणि खिशात घातल्या.

संध्याकाळी घरामागच्या भट्टीपाशी संपतला गाठलं. फडकं उघडून दगडावर ठेवलं. त्यानं बघितलं, आणि नाही म्हणण्याचं नाटकसुद्धा केलं नाही.

“किती केल्यास?”

“मोजल्या न्हाईत. दहा-बारा.”

“का रं?”

“का म्हणून काय विचारता अप्पा? तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालासा, हात सुनेचा हाय. गावात काय म्हणत्यात ठावं हाय? संपत लोहार बायकोचं पाणी भरतोय. पुंगळ्या धुवायला मी, अन् खुर्चीवर ती! माझी आय असती तर तिनं हे चालवून घेतलं असतं?”

“आणि शिळेचं? पोरं हसत्यात म्हणालास ते?”

तो खाली बघत राहिला. “फुंकली असती तर तिला कळलं असतं.”

मी त्याच्या कानाखाली वाजवली. तीस वर्षांचा घोडा, त्यानं मार खाऊन घेतला. मग माझ्या पायाशी बसला आणि रडायला लागला. “वकिलाला कळलं तर मला माळावर उभं करणार न्हाई अप्पा. पोलिसांत देतील, काडतुसाचं प्रकरण हाय. तुमची अकरा वर्षंबी जातील. लोहाराच्या घरातच चोर निघाला म्हणतील.”

खरं होतं ते. आपलेच दात, आपलेच ओठ. रात्रभर मी आढ्याकडं बघत होतो. पोटचा पोर एकीकडं, परक्याची पोर दुसरीकडं. असं मोजलं मी, अगदी ह्याच शब्दांत. खोटं कशाला सांगू? पहाटेपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती. तिला काय, घर आहे, दोन वेळचं जेवण आहे. नोकरी संपतला मिळाली तरी पैसा येणार तो त्याच घरात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शुक्रवारी अकरा वाजता कमिटी भरणीच्या खोलीतच बसली. वकीलसाहेब, डॉक्टर आणि आणखी दोघं. वैजा आली ती हिरवी साडी नेसून, लग्नातली, जरीच्या काठाची. केसांत फूल. मला आतून चीड आली. तीन पिना मोडून ही बाई नटून येते! माझी चीडसुद्धा किती सोयीची होती बघा.

वकीलसाहेबांनी मोडक्या पिना हातावर घेऊन बघितल्या. “ज्ञानोबा, तीन दिवसांत तीन. काय भानगड आहे? साचा बघितला?”

“बघितला साहेब.”

“पुंगळ्या?”

फडकं माझ्या खिशात होतं. मांडीला टोचत होतं.

“पुंगळ्याबी बघितल्या. बरोबर हाईत.”

“मग?”

मी खिडकीबाहेर बघून म्हणालो, “हात जड हाय साहेब तिचा. माझाच अंदाज चुकला. बाईमाणसाचं काम न्हवं हे.”

संपत दाराशी उभा होता, त्यानं सुस्कारा सोडला तो मला ऐकू आला. वैजा माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. रस्त्यावर ओळखीचा माणूस दिसला म्हणून हाक मारावी आणि त्यानं वळून बघितल्यावर तो दुसराच निघावा, तसं बघत होती.

“मामा,” ती म्हणाली, “काल तुमच्या हातात काडी वाकली, ती कशानं?”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी हसलो. हो, हसलो मी. “म्हातारा झालो पोरी. माझाबी हात जडच झाला की.”

सगळे हसले. वकीलसाहेबांनी कागदावर खोडून संपतचं नाव लिहिलं. वैजानं टेबलावरचं पुसायचं फडकं उचललं, प्रेसचा दांडा वरपासून खालपर्यंत पुसला, फडक्याची घडी करून ठेवली आणि घरी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि फाशी देणारा मी.

पुढचं सांगण्यासारखं नाही. राहिलेल्या पुंगळ्या मीच काढल्या. डब्यात आणखी तसल्या असणार म्हणून एकेक तारेनं टोचून बघत होतो, पण एकही सापडली नाही. संपतचा अंदाज चुकला असेल म्हणालो आणि सोडून दिलं. संपत वर्षभरही टिकला नाही. दारूचं माप दोनदा चुकलं, वकिलांनी हात जोडून घरी पाठवला. मग वाळूच्या डंपरवर गेला, मग पिण्यावर. भरणीची खोली बंद पडली, प्रेसवर गंज चढला. वैजा खोली बंद पडायच्या आधीच गेली होती. एके दिवशी माहेरी म्हणून गेली ती आलीच नाही. संपत आणायला गेला नाही. मी जाईन जाईन म्हणत राहिलो.

यंदा चैत्रात संपत गेला. यकृत सुजलं होतं. बावन्न वर्षांचा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी राहिली. केस अर्धे पांढरे, पायांत बंद चपला, खांद्याला पर्स. मी डोळे बारीक केले.

“मी वैजयंता, मामा.”

ती आत आली, संपतच्या फोटोला हात जोडले, स्वयंपाकघरात जाऊन दोघांचा चहा केला. भांडी कुठं असतात ते तिला अजून ठाऊक होतं. खाटेजवळ स्टुलावर बसली. एमआयडीसीत फाउंड्रीत होती म्हणे, एकोणीस वर्षं. ओतीव माल तपासायचं काम. हातोडीनं ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. आत चीर असली तर आवाजात कळते. हाताखाली सहा माणसं. गळ्यातलं ओळखपत्र तिनं मला बघायला दिलं. मी चष्मा लावला. छापील अक्षरांत लिहिलं होतं: वैजयंता तातोबा सुतार. बापाचं नाव, बापाचं आडनाव. आमचं काहीच नव्हतं.

“बरं झालं बघ,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिनं पर्समधून एक जुनी कापडी पिशवी काढली आणि खाटेवर उलटी केली. रायफलच्या पुंगळ्या. काळवंडलेल्या. मी मोजल्या. नऊ.

तिनं एक उचलली, ओठांशी धरली आणि फुंकली. सूर वर चढलेला, बारीक. दुसरी. तीच शीळ. मी म्हणालो, “बास कर.”

“बुधवारी तुम्ही काडीला पाणी देत होतासा,” ती म्हणाली, “तवा मी पडवीत बसून सगळा डबा फुंकला. दहा निघाल्या. राळ बघितली, वास घेतला. घरातल्या खुरप्याच्या मुठीतबी तीच हाय की.”

“मग बोलली का न्हाईस तवाच?”

“नवऱ्यानं केलं म्हणून मी सांगायचं, अन् कोण खरं मानणार? लोक म्हणणार, बायको नोकरीसाठी नवऱ्यावर आळ घेतीया. ते तुमच्या तोंडूनच यायला पाहिजे होतं.” तिनं पुंगळी खाली ठेवली. “आजवर बोलले न्हाई. आता ते गेले, आता बोलायला हरकत न्हाई.”

“दहा म्हणालीस. ह्या नऊ हाईत.”

“दहावी मी डब्यात परत ठेवली. सगळ्यांत वर. तुमच्या हाताला पहिली लागावी म्हणून.”

मला आठवलं. मामा, वरचीपासून घ्या.

दहावी अजून माझ्या ट्रंकेत होती, त्याच फडक्यात, उभी चिरलेली. बावीस वर्षांत मी ती टाकली नव्हती आणि कुणाला दाखवलीही नव्हती. आता उठून काढावी असं वाटलं, पण उठवेना.

“मी झाडत होते बाहेर,” वैजा म्हणाली. “करवतीचा आवाज आला. झाडू ठेवला अन् ऐकत उभी राहिले. शेवटपर्यंत ऐकला. म्हटलं, झालं. मामांनी बघितलं. उद्या मामा बोलणार.”

तिनं चहाचे दोन्ही कप उचलले, मोरीत नेऊन विसळले, पालथे घातले. दारात चप्पल घालताना वळली.

“म्हणून तर ती हिरवी साडी नेसून आले होते,” ती म्हणाली, आणि गेली.